नेरळ आणि माथेरानची छोटी गाडी : ठाणेकरांचे नेहमीचे प्रश्न

ठाण्याहून कर्जत लोकलने निघालेली बरीच मंडळी नेरळला उतरतात आणि थेट टॅक्सीच्या रांगेकडे पळतात. परत येतात ती माथेरानचे फोटो आणि चिक्की घेऊन. मधलं गाव, त्याच्या पूर्वेची नदी आणि डोंगरात शिरणारे ते दोन फुटी रूळ पाहायचे राहूनच जातात. आमच्या ओळखीच्यांकडून, सोसायटीतल्या शेजाऱ्यांकडून आणि नवी मुंबईच्या मित्रांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

गाडी माथेरानची, मग नेरळबद्दल एवढं का सांगता?

कारण गाडी नेरळची आहे. तिची शेड, दुरुस्ती आणि रोजची तयारी नेरळलाच होते. रूळ सांभाळणारी माणसं या पट्ट्यातल्या गावांतली आणि वाड्यांतली. १८५६ साली ‘जीआयपी’ (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा फाटा कल्याणहून खोपोलीपर्यंत गेला, तेव्हा भाताच्या खाचरांमधलं हे गाव मोठ्या लाइनवर आलं. नेरळला आगगाडी आली म्हणूनच माथेरानला माणसं जाऊ लागली. त्याआधी आणि त्यानंतरही पन्नास वर्षं इथून वर जायचं म्हणजे घोडा, मेणा, पालखी, नाहीतर स्वतःचे पाय.

ठाण्याचा माथेरानशी जुना संबंध आहे म्हणतात, तो कोणता?

१८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट चौक गावाकडून हा डोंगर चढून गेले आणि त्यांनी सरकारदरबारी त्याची माहिती पोचवली. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी तिथे थंड हवेचं ठिकाण वसवायला चालना दिली. पुस्तकांत याला ‘माथेरानचा शोध’ म्हणतात. मला ते पटत नाही. ठाकूर, कातकरी आणि धनगर या डोंगराच्या अंगाखांद्यावर आधीपासून राहत होते, आणि वर जायच्या वाटाही त्यांच्याच होत्या.

दुसरा संबंध पाण्याचा आहे, तो पुढे येतो.

ही रेल्वे कोणी बांधली?

मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी. पैसा वडिलांचा, ध्यास मुलाचा. काम १९०४ ला सुरू झालं आणि २२ मार्च १९०७ रोजी गाडी धावली. खर्च सुमारे १६ लाख रुपये आला, त्या काळात ही रक्कम केवढी मोठी होती! सरकारने केलेलं हे काम नव्हे. एका भारतीय कुटुंबाने स्वतःच्या खिशातून डोंगरात रेल्वे नेली, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

सल्लागार इंजिनिअर होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. बार्शी लाइट रेल्वे उभारणारे हेच. अरुंद रुळांची रेल्वे स्वस्तात आणि भक्कम कशी बांधायची, याचा त्यांच्याइतका अभ्यास त्या काळात फार थोड्यांचा होता. मात्र बार्शीचे रूळ अडीच फुटांचे, इथले दोन फुटांचे. स्वातंत्र्यानंतर हा मार्ग सरकारकडे आला आणि आज तो मध्य रेल्वे चालवते.

रूळ एवढे अरुंद का ठेवले?

हा प्रश्न मुलं हमखास विचारतात, आणि तो फार चांगला प्रश्न आहे.

नेरळ जवळजवळ समुद्रसपाटीला आहे आणि माथेरान सुमारे ८०० मीटरवर. सरळ रेषेत दोन्ही गावांमध्ये जेमतेम सहा-सात किलोमीटर अंतर. एवढ्या अंतरात साडेसातशे मीटर चढायचं तर कुठलीही साधी रेल्वे चढू शकणार नाही, चाकं जागीच फिरतील. म्हणून वाट लांबवावी लागते. डोंगराला वळसे घालत ती सुमारे २१ किलोमीटर केली आहे. तरीही सर्वांत खड्या जागी चढ २० ला १ आहे, म्हणजे २० मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर वर गेलेली असते. पुण्याला जाताना बोरघाटात गाडीला मागून इंजिनं जोडतात हे आपण पाहतो. तिथला चढ ३७ ला १ आहे. यावरून नेरळच्या गाडीचं काम किती अवघड आहे ते ध्यानात येईल.

वळसे घालायचे तर वळणं अतिशय तीव्र घ्यावी लागतात. रुंद रुळांची लांब गाडी अशा वळणावर वळतच नाही. तिच्यासाठी डोंगर फोडावा लागला असता, बोगद्यांमागून बोगदे खणावे लागले असते. दोन फुटी रुळांना कड्याच्या कडेला छोटीशी पट्टी पुरते. म्हणूनच सगळ्या मार्गावर बोगदा एकच आहे, तोही अगदी लहान. ‘वन किस टनेल’ हे त्याचं नाव सगळ्यांना पाठ असतं.

नेरळ सोडल्यावर घोड्याच्या नालेच्या आकाराचं मोठं वळण लागतं. अशा चढावर गाडी उलटसुलट करायला जागा ठेवतात, म्हणजे गाडी एका फाट्यात पुढे जाते, थांबते आणि मागे ढकलली जाऊन वरच्या फाट्यावर चढते. दार्जिलिंगला तसं आहे. इथे भराव घालून मोठं वळण काढलं आणि ती गरजच मिटवली. खिडकीतून खाली पाहिलं की आपण नुकतेच गेलो ते रूळ दिसतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं ही दुसरीच कुठली तरी लाइन आहे.

जुनी इंजिनं कशी होती?

जर्मनीच्या ओरेनश्टाइन अँड कॉप्पेल कारखान्याची चार वाफेची इंजिनं या मार्गासाठी बनवून आणली होती. त्यांची खुबी चाकांच्या आसात आहे. सहा चाकं एकाच ताठ चौकटीत असतील तर तीव्र वळणावर इंजिन रुळावरून उतरेल. या इंजिनांत पुढचा आणि मागचा आस पोकळ ठेवून थोडा इकडेतिकडे सरकेल असा बसवला होता. त्यामुळे इंजिन वळणाबरोबर स्वतःला वळवून घेई. क्लिन-लिंडनर पद्धत म्हणतात ती हीच.

१९५० च्या दशकात जर्मनीच्याच युंग कंपनीची डिझेल इंजिनं आली, तरी वाफेची इंजिनं १९८० च्या दशकापर्यंत टिकली. त्यांपैकी एक नेरळ स्थानकात उभं करून ठेवलं आहे. लोक त्याच्यासमोर फोटो काढतात आणि निघतात. दोन मिनिटं खाली वाकून चाकांकडे पाहा, मग त्या वळणांचं कोडं आपोआप सुटतं.

गाडी सारखी बंद का असते?

हा प्रश्न बहुतेक वेळा रागाने येतो. पण उत्तर समजून घेतलं तर राग राहत नाही.

पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, नेरळ ते अमन लॉज (माथेरानच्या आधीचं स्थानक) हा मोठा टप्पा दरवर्षी बंदच असतो. त्या काळात फक्त वरची अमन लॉज–माथेरान शटल चालते. ही नेहमीची व्यवस्था आहे.

मोठे आघात वेगळे. २६ जुलै २००५ च्या पावसाने ठाणे-मुंबईची जी दशा केली ती आपण विसरलेलो नाही. त्याच पावसाने या मार्गाखालची जमीन ठिकठिकाणी वाहून नेली. रूळ हवेत लोंबकळत राहिले. गाडी परत सुरू व्हायला २००७ उजाडलं, म्हणजे शंभरावं वर्ष. २०१६ च्या मे महिन्यात डबे घसरले आणि सुरक्षेसाठी गाडी थांबवली गेली. आधी शटल आणि मग २०१८ च्या सुरुवातीला पूर्ण मार्ग सुरू झाला. पुढच्याच वर्षी, २०१९ च्या पावसात, पुन्हा रूळ वाहून गेले. तो टप्पा ऑक्टोबर २०२२ ला खुला झाला.

असं का होतं? सह्याद्रीचा हा भाग काळ्या कातळाच्या थरांनी बनलेला आहे, पण माथ्यावर जांभ्याची लाल टोपी आहे आणि उतारावर सुटी माती, दगडगोटे. रेल्वेची पट्टी या उतारात आडवी खणलेली. पाऊस पडला की वरून येणारं पाणी त्या पट्टीला अडतं आणि जिथे वाट मिळेल तिथून खाली घुसतं. खडीखालची माती गेली की रुळांचा आधारच जातो, नुसते रूळ उरतात. अलीकडे दगडांनी भरलेल्या तारेच्या जाळ्यांच्या भिंती, म्हणजे गॅबियन, बऱ्याच ठिकाणी घातल्या आहेत. पाण्याला त्यांच्यातून वाट मिळते आणि माती मागे राहते. हे काम करणारे लोक भर उन्हात, कड्याच्या टोकावर, हातांनी दगड रचतात. तिथे मोठं यंत्र पोचतच नाही. गाडी उशिरा सुरू झाली म्हणून ओरड करण्याआधी ती भिंत एकदा पाहावी, एवढंच म्हणेन.

नेरळला नदी कुठे आहे? स्थानकातून तर दिसत नाही.

गावाच्या पूर्वेला, उल्हास. नेरळहून कळंबकडे जाणारा रस्ता धरा, ती ओलांडावी लागते. लोणावळ्याच्या उत्तरेला राजमाचीच्या खोऱ्यात ती उगम पावते आणि कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण करत खाडीला मिळते. ठाण्याजवळ तिचे दोन भाग होतात. मोठा भाग घोडबंदरच्या बाजूने वसईच्या खाडीकडे जातो, लहानसा ठाण्याच्या खाडीत उतरतो. कोलशेतच्या काठावर उभे राहून आपण जे पाणी पाहतो त्यात नेरळचा पाऊस असतो.

आता ठाणेकरांनी लक्ष देऊन वाचावं असं. आपल्या शहराच्या बऱ्याच भागाला ‘स्टेम’ या पाणीपुरवठा संस्थेचं पाणी येतं. ते शहाडजवळ याच उल्हासमधून उचललं जातं. एमआयडीसीचं पाणीही बदलापूरजवळ जांभूळ इथे याच प्रवाहातून घेतात. सह्याद्रीतल्या बहुतेक नद्या फेब्रुवारी-मार्चमध्ये डबक्यांवर येतात. उल्हास मात्र मे महिन्यातही वाहते. याचं कारण घाटावर आहे. आंध्रा खोऱ्यातल्या धरणाचं पाणी टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रात उतरतं, तिथे वीज तयार होते आणि सुटलेलं पाणी उल्हासला मिळतं. हे केंद्र १९२२ पासून चालू आहे. घाटावरचं पाणी नेरळवरून आपल्या नळाला येतं, आणि आपल्यापैकी कितीजणांना हे ठाऊक असतं?

माथेरानलाही उल्हासचंच पाणी जातं. शार्लोट तलाव पुरत नाही, म्हणून नेरळजवळ नदीतून उचललेलं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने डोंगरावर चढवतात. नवी मुंबईकर आणि पनवेलकरही या डोंगराचे ऋणी आहेत. माथेरानच्या पश्चिमेच्या उतारांचं पाणी गाढी नदीत जातं आणि देहरंग धरणातून पनवेलला मिळतं.

नेरळला नदी अजून बऱ्यापैकी निर्मळ आहे. कल्याणपर्यंत पोचेतो तिच्यात गटारं आणि कारखान्यांचं सांडपाणी मिसळतं, मोहन्याजवळ जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. ज्याने दोन्ही ठिकाणी नदी पाहिली आहे त्याला वाईट वाटल्याशिवाय राहत नाही. आता पोशीर आणि शिलार या तिच्या उपनद्यांवर धरणं येऊ घातली आहेत, तीही महानगराची तहान भागवायला. त्यात ज्यांच्या जमिनी जाणार त्या गावांचं म्हणणं ऐकलं जावं, असं पाणी पिणारे म्हणून आपण उघडपणे बोलायला हवं.

नदीला पूर येतो का?

येतो, आणि मोठा येतो. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती. हजाराहून जास्त प्रवासी होते, त्यांना बोटींतून बाहेर काढलं. तो पूर याच उल्हासचा. त्याच पावसाने माथेरानचे रूळ नेले, हे वर आलंच आहे.

वाटेत काय काय दिसतं?

नेरळनंतर जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज आणि शेवटी माथेरान, एवढीच स्थानकं. वाफेच्या काळात वाटेत इंजिनाला पाणी पाजावं लागे. गाडीचा वेग इतका कमी की झाडाचं पान ओळखता येतं, आणि या प्रवासाची खरी मजा त्यातच आहे.

खालच्या टप्प्यात साग, ऐन, पळस अशी पानझडी झाडं. उन्हाळ्यात ती उघडी पडतात आणि पूर्वेला भाताची खाचरं, मेन लाइनवरच्या लोकल, दूरवर भीमाशंकरची भिंत दिसते. वॉटर पाइपनंतर चित्र बदलतं. पेबचा किल्ला, ज्याला विकटगडही म्हणतात, अगदी समोर येतो. रुळांलगत कड्यावरचा गणपती आहे, भली मोठी मूर्ती. गाडीतले सगळेच तिथे हात जोडतात.

वर गेलं की सावली दाट होते. जांभूळ, हिरडा, आणि अंजन. अंजनाची बारीक निळी-जांभळी फुलं फांदीला चिकटून येतात, ती पाहायची तर उन्हाळ्याच्या तोंडावर जावं. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, ती ज्याच्या नशिबी असेल त्याला. शेकरू दिसायला मान वर ठेवावी लागते. हा आपला राज्यप्राणी, तांबूस अंग आणि लांब झुपकेदार शेपटी, जमिनीवर फार क्वचित उतरतो. पहाटे शीळकर कस्तुराची शीळ ऐकू येते, एखादा माणूसच सुरात शीळ घालतोय असं वाटतं. माकडांना खायला देऊ नका. पिशवीवर झडप घालायची सवय त्यांना पाहुण्यांनीच लावली आहे.

रुळांवरून चालत माथेरानला जाता येतं म्हणतात. जावं का?

नाही. रेल्वे कायद्याने तो गुन्हा आहे आणि वळणामागून गाडी आली तर एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. पायीच जायचं असेल तर या डोंगराला जुन्या वाटा भरपूर आहेत, माहीतगार सोबत घेऊन जा. पावसाळ्यात टपालवाडी, जुम्मापट्टीच्या धबधब्यांवर जाणाऱ्यांनी तर प्रशासनाची बंदी आहे का हे आधी पाहावं. तिथे दरवर्षी कुणाच्या तरी घरचा मुलगा वाहून जातो किंवा घसरून पडतो.

भाई कोतवालांचं नाव या भागात सगळीकडे दिसतं. ते कोण?

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म माथेरानचा, १९१२ चा. नाभिक समाजातल्या गरीब घरातून शिकून वकील झाले. सावकारी पाशातल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठ्या काढल्या, मुलांसाठी शाळा चालवल्या. १९४२ च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. भिवपुरीसारख्या केंद्रांवरची ती वीज गिरण्या आणि रेल्वे चालवत होती, म्हणून सरकारला तो घाव वर्मी बसला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. दरवर्षी त्या दिवशी सिद्धगडावर लोक जमतात. माथेरानला मुलांना नेलंत तर घोड्यावरच्या फेरीइतकाच वेळ या माणसाची गोष्ट सांगायला द्या.

युनेस्कोच्या यादीत ही रेल्वे आहे का?

अंतिम यादीत अजून नाही. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-शिमला या तिघींना तो मान मिळाला. माथेरानचं नाव संभाव्य यादीत आहे.

जायचं कसं आणि कधी?

ठाण्याहून कर्जत किंवा खोपोली लोकल, नेरळपर्यंत साधारण ५० किलोमीटर, तासाभरापेक्षा थोडं जास्त. नवी मुंबईकरांनी ट्रान्स-हार्बरने ठाण्याला येऊन गाडी बदलावी, किंवा पनवेलहून चौक-कर्जतमार्गे रस्त्याने यावं. छोट्या गाडीला डबे थोडे आणि वर पोचायला अडीच तासांच्या आसपास लागतात. शनिवार-रविवारी सकाळी लवकर खिडकीवर उभं राहावं लागतं. वेळापत्रक मोसमाप्रमाणे बदलतं, म्हणून निघण्याआधी मध्य रेल्वेची ताजी सूचना पाहा.

तिकीट नाही मिळालं तर नेरळहून शेअर टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंत नेते. माथेरानात मोटारींना बंदी आहे, २००३ पासून हा भाग पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील क्षेत्रही आहे. नाक्यावर प्रवासी कर भरून पुढे अमन लॉजहून शटल, घोडा, किंवा तीनेक किलोमीटर चालणं. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनंतर काही ई-रिक्षाही सुरू झाल्या आहेत. शटलवर स्थानिक लोकही अवलंबून असतात. त्यांना कामावर, दवाखान्यात जायचं असतं, तेव्हा गर्दीत त्यांना जागा द्या.

माझं मत विचाराल तर नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ सर्वांत चांगला. पाऊस सरलेला, हवा धुतलेली, खाचरांत भाताची कापणी झालेली.

वयस्कर आई-वडिलांना नेता येईल का?

जरूर. गाडीने वर जाणं त्यांना टॅक्सीपेक्षा सोपं पडतं, घाटातली टॅक्सीची वळणं अनेकांना सोसत नाहीत. मात्र गाडीत शौचालय नसतं, नेरळलाच जाऊन घ्यावं.

माथेरानला न जाता फक्त नेरळला दिवस घालवता येईल?

येईल, आणि तसे दिवस मला जास्त आवडतात. स्थानकातलं जुनं इंजिन आणि अरुंद रुळांची शेड बाहेरून पाहा. मग रिक्षाने उल्हासच्या पुलापर्यंत जा. शेतीची आवड असेल तर सगुणा बाग आहे. नांगरणी, चिखलणी आणि लावणीशिवाय भात पिकवण्याचं सगुणा तंत्र तिथेच विकसित झालं, आणि आज ते इतर जिल्ह्यांतले शेतकरीही वापरतात. जेवायला गावातल्या खाणावळीत भाकरी-पिठलं मागा. परतीची लोकल कर्जतहून येते आणि संध्याकाळी उलट्या दिशेची असल्याने ठाण्यापर्यंत बसायला जागा मिळते.